झोपलेलं उजवं चाक

गाडी घेतली तेव्हा मी तिचं इंजिन नीट पाहिलंच नव्हतं. आत बसले, दार लावलं आणि वेलदोड्याचा मंद वास आला. केरळला कायमच्या परत निघालेल्या एका निवृत्त शिक्षिकेची ती लहान, राखाडी गाडी. मागच्या काचेत ऊन लागून फिकट झालेली एक कापडी उशी होती. बाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला. तेवढ्यावर मी गाडी घरी आणली.

पंधरा दिवसांनी कळलं की ब्रेक दाबला की ती डावीकडे जाते. झटका नाही, धक्का नाही. झोपेत माणूस कूस बदलतं तशी, हळूच. मी दुर्गच्या एका शाळेत शिकवते. सकाळी वसाहतीतल्या आमच्या सेक्टर दोनमधून निघाले की थंडीच्या दिवसांत रस्त्यावर धुकं असतं, दोन्ही बाजूंना झाडं, मधून सायकलींचे दिवे तरंगत येतात. त्या धुक्यात मी ब्रेकवर पाय ठेवायची आणि गाडी मला न विचारता झाडांकडे निघायची. सुरुवातीला मला वाटलं, माझाच हात जड पडतोय. मग एका सकाळी एक दूधवाला डावीकडून चालला होता. मी ब्रेक दाबला, गाडी त्याच्या बाजूला सरकली, त्याचा डबा आरशाला घासला. तो थांबून माझ्याकडे पाहत राहिला. त्या दिवशी शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा माझी ओळ तिरकी जात होती.

मार्केटातल्या मेकॅनिकने पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलले. चार दिवस बरे गेले. मग गाडी पुन्हा डावीकडे ओढू लागली, आणि आता डावं चाक चिरकू लागलं. थांबल्यावर त्यातून जळका वासही यायचा. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, गड़बड़ लेफ्ट में है. लेफ्ट का कॅलिपर बदलना पड़ेगा." कॅलिपर म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरणारा पंजा. ब्रेक दाबला की तो पंजा आवळतो. मला त्याचं म्हणणं पटलं. गाडी डावीकडे जाते, आवाज डावीकडून येतो, वास डावीकडून येतो. मग दोष दुसरीकडे असेल कसा?

ही गोष्ट मी बाबांना सांगितली नव्हती. सांगणं सोपं नव्हतं. बाबा हथखोजच्या एका लहानशा कारखान्यात फिटर होते. तिथे तापलेलं लोखंड घणाखाली ठोकत. तो कारखाना कधीचाच बंद झाला, पण बाबांचे कान त्याने ठेवून घेतले. कानात घालायचं यंत्र त्यांनी दोन महिने वापरलं आणि मग कपाटात ठेवून दिलं. म्हणायचे, "त्याच्यात माणूस बोलत नाही, पत्रा बोलते." समोरच्याचे ओठ पाहून त्यांना अर्धंमुर्धं कळायचं. बाकीचं आम्ही एका वहीत लिहायचो. वहीतून घर चालतं, पण गप्पा होत नाहीत. घरातलं बोलणं सगळं आईशी. क्वार्टरही पोलाद कारखान्यातल्या तिच्याच नोकरीतून मिळालेलं. त्या डिसेंबरात आई नागपूरला, वहिनीच्या बाळंतपणासाठी गेली होती. घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी ते एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत असं चाललेलं.

एका रविवारी सकाळी मी अंगणात गाडी लावत होते. बाबा पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. मी उतरले तर ते उठून गाडीजवळ आले आणि वाकून डाव्या चाकाकडे हात नेला. तो वास त्यांना आला होता.

"कावून सांगितलं नाही?" बाबा नेहमीसारखे मोठ्याने बोलले, शेजारच्या घरापर्यंत जाईल असं.

मी वहीत लिहिलं: मेकॅनिक म्हणतो, डावा कॅलिपर खराब.

बाबांनी वाचलं आणि वही मला परत दिली. "चाल. मले फिरवून आण."

आम्ही निघालो. बाबांनी काच खाली केली, डावा तळहात दारावर ठेवला, उजवा समोरच्या डॅशबोर्डवर, आणि डोळे मिटले. रविवारचे रस्ते मोकळे होते. धुकं उतरून गवतावर बसलं होतं आणि वर पिवळसर ऊन. "दाब," ते म्हणायचे, आणि मी ब्रेक दाबायची. "सोड." मग थोडं पुढे. "दाब." आम्ही त्या सरळ, रुंद रस्त्याने असे गेलो की कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही बाई आपल्या झोपलेल्या म्हाताऱ्या बापाला झुलवतेय. मला स्वतःलाही गुंगी आल्यासारखं झालं. लहानपणी मी तापात असताना बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेत, तेव्हा रस्ता असाच हळूहळू मागे जायचा.

घरी आल्यावर त्यांनी घाईघाईने खाली उतरून आधी डाव्या चाकाजवळ हाताची मागची बाजू नेली. स्पर्श केला नाही, नुसती जवळ नेली. मग उजव्या चाकाकडे गेले. तिथे त्यांनी सरळ तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"इकडं ये. हात लाव."

मी लावला. लोखंड जेमतेम कोमट होतं.

"डावं चाक भट्टीवानी तापलं. अन् हे पाह्य. थंडगार. आता सांग, बिमार कोण?"

मी डाव्याकडे बोट दाखवलं.

बाबा हसले. खूप दिवसांनी मी त्यांचे दात पाहिले. "नाही न बाई. डावं आपलंही काम करून राहिलं अन् याचंही. म्हणून तापते, म्हणून ओरडते. हे उजवं झोपून राहिलं. ब्रेक दाबला का डावं धरते, उजवं धरतच नाही. मग गाडी धरलेल्या बाजूले वळन, नाही तं काय करन?"

इतकं साधं होतं ते. महिनाभर मी, तो मेकॅनिक, सगळे ओरडणाऱ्या चाकाकडे पाहत होतो.

दुपारी त्यांनी खाटेखालची लोखंडी पेटी ओढून काढली. मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅकने पुढची उजवी बाजू उचलली, खाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि गाडी हलवून खात्री केली. चाक काढलं. आतला पंजा दोन गुळगुळीत पिनांवर सरकतो. म्हणजे निदान सरकायला हवा. एक पिन बोटाने बाहेर आली. दुसरी हलेना. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. बाबांनी ती फिरवत फिरवत, जराही घाई न करता, अर्ध्या तासाने काढली. पॅड काढून माझ्या हातात दिले. आतला जरासा घासलेला. बाहेरचा, मेकॅनिकने महिन्यापूर्वी बसवला होता तसाच, कोराकरकरीत. त्यावर कंपनीने छापलेला नंबरसुद्धा पुसला गेला नव्हता.

मग त्यांनी पंजात लाकडाची फळी धरली आणि मला आत बसून ब्रेक अगदी हळू दाबायला सांगितलं. तबकडीवर पॅड ढकलणारा दट्ट्या जरासा बाहेर आला आणि अडला. त्याच्या कडेला गंज होता. "इथंही झोप," बाबा म्हणाले.

ते काम तीन दिवस चाललं. एक दिवस नवे रबर आणि ब्रेकचं ग्रीस आणण्यात गेला. मी शाळेतून आले की बाबा अंगणात गोणपाट पसरून बसलेले असत. समोर एका थाळीत दट्ट्या, पिना, रबराच्या चकत्या ओळीने मांडलेल्या. मी एकदा रॉकेलची बाटली पुढे केली तर त्यांनी माझा हात धरला. "रबराले रॉकेल लावाचं नाही. फुगते. ब्रेकच्याच तेलानं पुसाचं." दट्ट्यावरचा गंज ते बारीक कागदाने असा घासत की जणू कोणाच्या डोळ्यातलं कुसळ काढताहेत. मी शेजारी पाट टाकून वह्या तपासायची. मध्येच आईच्या पोलाद कारखान्याचा भोंगा व्हायचा. मला तो ऐकू यायचा, बाबा जमिनीवर तळहात टेकवून म्हणायचे, "झाली सुट्टी." भोंगा जमिनीतून येतो का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. त्या तीन संध्याकाळी पेरूच्या पानांतून येणारा उजेड, तेलाचा वास, माझ्या लाल पेनाची खरखर, सगळं पाण्याखाली असल्यासारखं शांत होतं.

तिसऱ्या दिवशी सगळं बसवून झालं. आता ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढायची होती. हवा राहिली तर ब्रेक स्पंजासारखा दबतो, धरत नाही. हे काम दोन माणसांचं. एक आत बसून ब्रेक दाबतो आणि दाबून धरतो. दुसरा चाकाजवळ एक बारीक चावी उघडतो, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघतात, आणि चावी बंद केल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. म्हणून दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायचं असतं. बाबांचं ओरडणं मला ऐकू येणार होतं. माझं त्यांना कसं कळणार?

बाबा चाकाजवळ बसले होते. पाना हातात, पण ते हलत नव्हते. मी उतरून त्यांच्याजवळ गेले.

"हे मी नाही करत," ते म्हणाले. "मेकॅनिकले बोलाव."

मी हातानेच विचारलं, का?

त्यांनी बोटांवरचं तेल पुसलं. मग पहिल्यांदा मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं, इतकं हळू की मलाच पुढे वाकावं लागलं.

त्यांच्या कारखान्यात त्यांचा एक दोस्त होता. आमच्याच भंडाऱ्याकडचा, दोघं बरोबर कामाला लागलेले, एका डब्यात जेवणारे. एक दिवस दोघं मिळून एका मशीनचं झाकण बसवत होते. झाकण साखळीच्या कप्पीला टांगलेलं. बाबा साखळी ओढून झाकण खाली सोडत होते, दोस्त खाली हात घालून जागा पुसत होता. तेव्हा बाबांचे कान अर्धे गेले होते, पण नोकरी जाईल म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. झाकण खाली आलं. दोस्ताची दोन बोटं गेली.

"तो ओरडला असन," बाबा म्हणाले. "मले नाही आइकू आलं. मी सोडतच गेलो."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"आता मले जागेपणी काईच आइकू येत नाही. पण सपनात सगळं येते. तुह्या आईचा आवाज येते, रेडिओ येते, कावळे येते. अन् त्याचं ओरडणं येते. रोज नाही. पण येते."

तो दोस्त बोरसीला राहत होता. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास लागत नाही. कारखाना सुटल्यापासून बाबा त्याच्याकडे एकदाही गेले नव्हते. दोन लग्नांचं बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी आईला पाठवलं आणि स्वतः तापाचं निमित्त केलं. हे मला त्या अंगणात, त्या गाडीच्या उघड्या चाकापाशी कळलं.

मी गाडीत जाऊन बसले. काय करावं सुचत नव्हतं. किल्ली फिरवली, उगाच हात चाळवला तसा उजवा इंडिकेटर लागला. आणि बाबांनी मान वर केली. चाकाच्या वरच, पत्र्याच्या कडेला, त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर तो लहानसा पिवळा दिवा लुकलुकत होता.

मी खिडकीतून डोकं काढलं. पाय दाबल्याची खूण केली आणि दिव्याकडे बोट दाखवलं. दिवा लागला म्हणजे मी ब्रेक दाबून धरलाय. विझला म्हणजे पाय काढलाय.

बाबा दिव्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी म्हणल्याबिगर पाय काढशीन नाही?"

मी मान हलवली. नाही काढणार.

"दाब."

मी दाबला आणि दिवा लावला. त्यांनी चावी उघडली. माझा पाय जरासा खाली बुडाला. "बंद केली. सोड." मी पाय उचलला, दिवा विझवला. "दाब." दिवा. "सोड." अंधार पडायला लागला होता आणि आमच्या अंगणात तो पिवळा ठिपका लागत होता, विझत होता. काही वेळाने मला पायाखाली काहीतरी घट्ट, खंबीर लागलं. बाबांनी त्या चावीला लावून बाटलीत सोडलेली पारदर्शक नळी वर धरून मला दाखवली. तेल स्वच्छ होतं, बुडबुडा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती; सकाळी आम्ही मोकळ्या रस्त्यावर गेलो. मी स्टिअरिंग अगदी सैल धरलं आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. परत केलं. परत सरळ. बाबांनी उतरून दोन्ही चाकांजवळ हात नेला आणि मला म्हणाले, "बराबर. दोन्ही सारखे." मी वही काढली आणि लिहिलं: आता बोरसीला जाऊ या.

त्यांनी वाचलं. वही मिटून मांडीवर ठेवली. नाही म्हणाले नाहीत.

बोरसीतलं ते घर एका बोळात होतं. दार त्या काकांनीच उघडलं. उंच माणूस, पांढऱ्या, दाट मिशा, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. बाबांना पाहून ते म्हणाले, "अबे, तू? जित्ता हायेस?" आणि खांद्याला धरून आत घेऊन गेले. चहा आला, मुरमुऱ्याचा चिवडा आला. काका बोलत होते, बाबा हसून मान हलवत होते, पण मला दिसत होतं की त्यांना एक शब्दही कळत नाहीये. मिशांनी ओठ झाकले होते. आणि बाबांचे डोळे पुन्हा पुन्हा काकांच्या उजव्या हाताकडे जात होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

मग बाबा अचानक, आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, म्हणाले, "मले तुहं ओरडणं आइकू नाही आलं रे. कान गेल्ते माहे. मी कोणाले सांगितलं नव्हतं."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. काकांनी कप खाली ठेवला. "कोणतं ओरडणं?" त्यांनी मला विचारलं. "काय म्हणून राहिला हा?"

मी त्यांना सांगितलं. झाकणाचं, साखळीचं, स्वप्नाचंही. काका ऐकत होते आणि त्यांचे डोळे मोठे होत गेले. "पण मी ओरडलो कुठं? अवं बाई, मले समजलंच नाही. श्वासच अटकला. तोंडातून हवा निघाली नाही. यानंच पाह्यलं माह्या तोंडाकडं अन् उलटी साखळी वढली. नाही तं पूर्ण पंजा जाता माहा. हा एवढे साल हेच घेऊन बसला?"

मी वही उघडली, पण काकांनी ती माझ्या हातातून घेतली. पेन तीन बोटांत धरून, एकेक अक्षर मोठं काढत त्यांनी लिहिलं आणि वही बाबांच्या समोर धरली.

मी ओरडलोच नाही. तूच साखळी उलटी ओढली.

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मग ते म्हणाले, "नाही ओरडला?" आणि काकांनी मान हलवली. बाबांनी काकांचा तो हात दोन्ही हातांत घेतला. बाहेर बोळात कोणाच्या तरी घरी धान्य पाखडत होते, त्याचा सूप-सूप आवाज येत राहिला. तो त्या खोलीत फक्त मला आणि काकांना ऐकू येत होता.

आम्ही जेवूनच निघालो. काकू सोडायलाच तयार नव्हत्या.

परतताना बाबा बोलायला लागले. मी कधी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. भंडाऱ्याहून दोघं रेल्वेने कसे आले, पहिल्या खोलीत चूल कोणी फोडली, दोस्ताने एकदा उन्हाळ्यात कारखान्याच्या हौदात उडी कशी मारली आणि सुपरवायझरने त्याला कपड्यांशिवाय घरी कसं पाठवलं. ते सांगत होते, खिडकीबाहेर पाहत, मध्येच एकटेच हसत. मी उत्तर देऊ शकत नव्हते. हात स्टिअरिंगवर होते आणि वही मागच्या सीटवर. मी फक्त ऐकत होते.

घराकडे वळायचा चौक आला. गोष्ट अर्धी झाली होती. दोस्त टॉवेल गुंडाळून सायकलवर बसला होता आणि समोरून त्याचे होणारे सासरे येत होते. मी वळले नाही. गाडी सरळ मरोद्याच्या तलावाच्या रस्त्याला लावली. पाण्यावर दुपारचं ऊन सांडलं होतं आणि दूर काही बदकं होती की दगड, ते कळत नव्हतं.

"अन् मग?" मी म्हणाले, त्यांना ऐकू येणार नाही हे माहीत असूनही.

बाबा सांगतच होते.